सर्वांचे मानक, काहींचा मक्ता

मोबाईल फोनवर बोलता बोलता पलीकडचा माणूस क्षणभर थांबला तरी आपल्या कानात जी मंद खरखर चालू राहते, ती पलीकडच्या खोलीतील नसते, हे पुष्कळांच्या ध्यानात कधी आलेले नसते. बोलणारा गप्प झाला की त्याचा फोन, बॅटरीतील वीज आणि लहरींची मोलाची जागा वाचावी म्हणून, प्रक्षेपण जवळजवळ थांबवतो. परंतु त्या विरामात निखळ शांतता पसरली तर ऐकणाऱ्यास वाटते की लाइन तुटली, आणि तो 'हॅलो, हॅलो' असा पुकारा सुरू करतो. म्हणून ऐकणाऱ्याचाच फोन, पलीकडून अधूनमधून येणाऱ्या त्रोटक वर्णनाच्या आधाराने, ती खरखर आपल्या पदरची निर्माण करून त्याच्या कानी घालतो. ही युक्ती जितकी सोयीची, तितकीच ती कोणाच्या तरी मालकीचीही होती. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने लाव्हा या भारतीय फोन कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात जो दावा लावला, त्यातील आठ पेटंटांपैकी एक या खरखरीचे होते. 28 मार्च 2024 रोजी त्या दाव्याचा निकाल लागला; आठांपैकी एक पेटंट न्यायालयाने अवैध ठरवले, सात टिकली, आणि लाव्हाने सुमारे 244 कोटी रुपयांची भरपाई करावी असा हुकूम झाला.

या निकालावरून ज्या दोघांचा वाद जुंपला, ते नात्याने मामा-भाचे. मामांनी मुंबईच्या पेटंट कचेरीत आणि दिल्लीच्या न्यायालयांत वकिलीची उभी हयात घालवली असून, निवृत्तीनंतरही कायद्याच्या पुस्तकाचे नवे पुरवणीपत्रक आले की ते जागच्या जागी डकवल्याशिवाय त्यांस झोप येत नाही. भाच्याचा भोसरीस लहानसा कारखाना आहे. बसगाड्यांत आणि मालमोटारींत बसवायच्या, गाडीचा ठावठिकाणा मोबाईलच्या जाळ्यावरून कळवणाऱ्या पेट्या तेथे तयार होतात. मी दोघांच्या ओळखीचा. पंच म्हणून मला कोणी बोलावले नव्हते आणि त्या नात्याने मी बोललोही नाही. परंतु श्रोत्यालाही मत असते, आणि ते येथे झाकून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

भाचा : मामा, माणूस बोलला त्याचा आकार घेतला, तर एक वेळ समजू शकतो, पण तो गप्प बसला त्याचाही आकार घ्यायचा?

मामा : गप्प बसल्याचा नव्हे रे. गप्प बसला तरी फोन तुटल्यासारखे वाटू नये, याचा. तुला आज ही युक्ती क्षुल्लक वाटते, कारण ती कोणीतरी करून दाखवली. पेटंट म्हणजे काही वंशपरंपरेचे वतन नाही. शोध जगापुढे उघड करून मांडायचा आणि त्याच्या बदल्यात वीस वर्षांचा मक्ता घ्यायचा, एवढाच तो सौदा आहे.

भाचा : शोधाला पैसा नको, असे मी कुठे म्हणतो? माझे म्हणणे निराळे आहे. बाजारात एखादी युक्ती महाग वाटली तर मी ती सोडून दुसरी घेतो. इथे मला ती मुभाच नाही. माझी पेटी टॉवरशी बोलायची असेल, तर मानकात, म्हणजे सर्वांनी पाळायच्या ठरीव नियमांत, लिहिले आहे तसेच तिने बोलले पाहिजे, एक अक्षर इकडचे तिकडे चालत नाही. आणि ती युक्ती मानकात घातली कोणी? ज्यांचे पेटंट, त्यांचेच इंजिनिअर मानक ठरवणाऱ्या बैठकीत बसलेले होते. आधी दार एकच ठेवायचे, आणि मग त्या दारावर आपलाच माणूस बसवायचा.

ही तक्रार मामांनी धुडकावून लावली नाही. ज्याचा इतिहास ठाऊक नाही त्या कलमाचा अर्थ लावू नये, अशी त्यांची जुनी शिस्त असल्यामुळे ते भाच्यास चाळीस वर्षे मागे घेऊन गेले.

मामा : 1982 साली युरोपातील टपाल व तार खात्यांच्या परिषदेने एक अभ्यासगट नेमला. तेव्हा प्रत्येक देशाची फिरत्या फोनची पद्धत वेगळी. सरहद्द ओलांडली की फोन मुका. त्या गटाच्या कामातून जीएसएम ही सामाईक पद्धत निघाली. 1988 साली फ्रान्सच्या दक्षिण भागात सोफिया अँटिपोलिस येथे एट्सी नावाची मानकसंस्था उभी राहिली आणि हे काम तिच्याकडे आले. 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये या पद्धतीवरचा पहिला फोन झाला. आता नीट ऐक. या खात्यांची समजूत अशी होती की, आपण मोठे गिऱ्हाईक आहोत, तेव्हा सामान पुरवणाऱ्यांनी पेटंटांबद्दल कुरकुर न करता ती फुकट वापरू द्यावीत. बाकीचे पुरवठादार कसेबसे वळले असते. अमेरिकेच्या मोटोरोलाने साफ नकार दिला. तिने निवडक बड्या कंपन्यांशी पेटंटांची अदलाबदल केली, आणि ज्यांच्यापाशी अदलाबदलीस काही नव्हते, ते बाहेर राहिले.

भाचा : म्हणजे माझ्यासारखे.

मामा : तुझ्यासारखे. यावर तोड म्हणून 1993 साली एट्सीने कडक नियम केला : सभासदाने नेमून दिलेल्या मुदतीत हरकत नोंदवली नाही, तर त्याचे पेटंट मानकासाठी खुले आहे असेच धरायचे. अमेरिकी कंपन्यांनी गहजब केला, तक्रार युरोपीय आयोगापर्यंत गेली, आणि 1994 साली तो नियम मागे घेऊन नवे धोरण आले. त्यात पेटंटधारकाकडून एक वचन मागितले आहे, आणि ते परत घेता येत नाही. न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर, मागेल त्याला परवाना देईन.

भाचा : तीन विशेषणे, आणि आकडा एकही नाही.

मामा : आकडा घालायचे ठरवले असते, तर मानकच झाले नसते. आणि प्रतिस्पर्धी कंपन्या एका टेबलाशी बसून दर ठरवू लागल्या, तर स्पर्धेचा कायदा त्यांच्याच मानेवर बसला असता. म्हणून दराचा प्रश्न त्यांनी बैठकीबाहेर ठेवला.

मामांचे हे निवेदन यथार्थ होते. तथापि त्यातून जे निष्पन्न होते ते त्यांनी उच्चारले नाही, म्हणून मी येथे नमूद करतो. सोफिया अँटिपोलिसच्या सभेत एकमत झाले, कारण मुख्य प्रश्न सभेपुढे आलाच नव्हता. आणि तो ज्या दिवशी कोणापुढे आला, त्या दिवशी जगभर टॉवर उभे राहून, लोकांनी फोन घेऊन, माघारीची वाट बंद झालेली होती. शोधाचे मोल आणि त्या शोधावाचून आता गत्यंतर उरले नाही याचे मोल, ही दोन निरनिराळी मोले आहेत. पहिले शोधकाचे, दुसरे मात्र टॉवर बांधणाऱ्यांनी, फोन विकणाऱ्यांनी आणि ते विकत घेणाऱ्या कोट्यवधी लोकांनी मिळून निर्माण केले, आणि त्यावर कोणा एकाचा हक्क कसा पोहोचतो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

भाच्याने यानंतर आपले आवडते हत्यार बाहेर काढले. मार्च 2013 मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्स या फोन कंपनीवर दिल्लीत दावा लावला आणि एकतर्फी अंतरिम हुकूम मिळवला, इतका की बंदरावर व विमानतळावर उतरणाऱ्या मालाची वर्दीही सीमाशुल्क खात्याने वादीस द्यावी. मायक्रोमॅक्सने उलट फिर्याद भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आयोगाने चौकशीची आज्ञा करताना एक साधे गणित मांडले.

भाचा : आयोग म्हणतो, सव्वा टक्का रॉयल्टी धरली, तर तीच चिप शंभर रुपयांच्या फोनात घातल्यास सव्वा रुपया, आणि हजार रुपयांच्या फोनात घातल्यास साडेबारा रुपये. चिप तीच, तंत्र तेच. मग वरचे सव्वाअकरा रुपये कशाचे?

मामा : पाटाच्या पाण्याची पट्टी तू कधी भरलीस का? तुझ्या आजोबांनी भरली आहे. उसाला एक दर, ज्वारीला दुसरा. पाणी त्याच धरणाचे आणि त्याच पाटाचे. ज्याच्या पदरात जास्त पडते, त्याने जास्त द्यावे.

भाचा : अहो मामा, ऊस पाणी जास्त पितो! म्हणून त्याला पट्टी जास्त. हजाराचा फोन शंभराच्या फोनापेक्षा त्या चिपचे जास्त काय पितो? तो महाग झाला तो कॅमेऱ्यामुळे, पडद्यामुळे, वरच्या नावामुळे. कॅमेऱ्याचे पाणी काही एरिक्सनच्या पाटातून येत नाही.

येथे मामा मनापासून हसले, आणि मला वाटले की हा मुद्दा भाच्याने जिंकला. परंतु जुना वकील हसतो तेव्हा प्रतिपक्षाने सावध राहावे.

मामा : बरे, पाणी मोजूनच घेऊ. टक्केवारी नको, प्रत्येक फोनामागे ठराविक रक्कम. एरिक्सनने 2017 साली पाचव्या पिढीच्या फोनांसाठी आपला दर जाहीर केला : भारी फोनामागे पाच डॉलर, अगदी हलक्या फोनाला अडीचपर्यंत सूट. नोकियाने पुढच्या वर्षी सांगितले, फोनामागे फार तर तीन युरो. आता हिशेब कर. दहा हजारांच्या फोनावर एक टक्का म्हणजे शंभर रुपये. अडीच डॉलर म्हणजे दोनशेच्या वर. लाखाच्या फोनावर एक टक्का म्हणजे हजार रुपये. पाच डॉलर म्हणजे त्याच्या निम्मेही नाहीत. आयोगाच्या गणितातला शंभर रुपयांचा फोन टक्केवारीमुळेच सव्वा रुपयात सुटतो. भारतातले सगळे कारखानदार चिपवर दर लावा म्हणून ओरडतात. उद्या तो लागला, तर हसणार कोण? लाखाचा फोन विकणारा.

भाचा यावर थोडा वेळ काही बोलला नाही. लाव्हाच्या खटल्यातही न्यायालयाने चिपची नव्हे तर संपूर्ण फोनाची विक्रीकिंमतच आधारास घेतली आणि एक टक्क्याहून किंचित अधिक दर लावला, हे त्याला ठाऊक होते. परंतु त्या पद्धतीची ही स्वस्त फोनवाल्यांस अनुकूल अशी बाजू त्याने पूर्वी पाहिलेली दिसली नाही. मात्र तो गप्प राहिला तो हार मानून नव्हे.

भाचा : ठीक. टक्का का ठराविक रक्कम, हा प्रश्न बाजूला ठेवू. रांगेत किती जण उभे आहेत, ते सांगा. मी एकाला एक टक्का दिला. मानकात पेटंटे काय एकट्या एरिक्सनची आहेत? उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. आणि ही पेटंटे मानकाला आवश्यक आहेत, असे ठरवले कोणी? ज्याचे पेटंट, तोच एट्सीला कळवतो. एट्सी ते दप्तरी नोंदवून घेते, तपासत नाही. गुडमन आणि मायर्स या दोघा अभ्यासकांनी 2005 साली तिसऱ्या पिढीच्या मानकासाठी जाहीर झालेली पेटंटे तपासून घेतली. त्यांतला पाचवा हिस्साच खरोखर आवश्यक निघाला.

मामा : हे खरे आहे. जाहीर करायला खर्च नाही आणि न केल्यास पुढे हक्क बुडण्याची भीती, म्हणून सगळे जाहीर करून मोकळे होतात.

भाचा : मग सिएटलच्या न्यायाधीश रोबार्टांनी केले, ते इथे का होत नाही? मोटोरोला मायक्रोसॉफ्टकडे अंतिम वस्तूच्या किमतीवर सव्वादोन टक्के मागत होती. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ते वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर जात होते. न्यायाधीशांनी 2013 साली एकेक पेटंट हातात घेऊन, मानकात त्याचे काम किती आणि इतर किती जणांचे देणे शिल्लक आहे ते पाहून, वर्षाला सुमारे अठरा लाख डॉलर एवढे ठरवले. चार अब्ज कुठे आणि अठरा लाख कुठे! यातला एक आकडा वाजवी असेल, तर दुसऱ्याला काय म्हणायचे?

मामा : दुसऱ्याला मागणी म्हणायचे. भाजीवालीही पहिल्यांदा सांगते तो भाव नसतो. पण आता माझी बाजू ऐक, कारण ती तुझ्या पक्षाचे लोक कधी सांगत नाहीत. लाव्हाकडचा हिशेब 2011 पासूनच्या विक्रीचा आहे, दावा 2015 चा आणि निकाल 2024 चा. निकाल लागला तेव्हा त्या पेटंटांची मुदतही संपली होती, त्यामुळे मनाई हुकुमाचा प्रश्नच उरला नाही. राहिली ती फक्त रक्कम. मायक्रोमॅक्सने पाच वर्षे लढून जानेवारी 2018 मध्ये तडजोड केली. ज्याने पहिल्या दिवशी मुकाट्याने परवाना घेतला, तो मधल्या काळात महाग विकत होता. ज्याने घेतला नाही, तो स्वस्त विकून बाजार खात होता. शेवटी न्यायालयाने काय केले, तर आधी द्यायचे होते तेवढेच द्यायला लावले. असे असेल, तर शहाणा माणूस आधी देईल कशाला?

भाचा : म्हणून थेट विक्री बंद?

मामा : थेट नाही. युरोपीय न्यायालयाने जुलै 2015 मध्ये हुआवे आणि झेडटीई या दोन कंपन्यांच्या वादात पायऱ्या घालून दिल्या आहेत. मालकाने आधी नोटीस द्यावी, कोणते पेटंट आणि कसे मोडले ते सांगावे. वापरणाऱ्याने परवाना घेण्याची तयारी कळवावी. मग मालकाने लेखी दर सांगावा. तो पटला नाही, तर दुसऱ्याने आपला दर सांगून तेवढ्याची तजवीज करून ठेवावी. यातली एखादी पायरी मालकाने चुकवली, तर मनाई नाही. वापरणाऱ्याने चुकवली, तर मनाई. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मार्च 2023 मध्ये इंटेक्स या फोन कंपनीच्या प्रकरणात म्हटले की, दावा चालू असतानाही न्यायालय रक्कम अनामत ठेवायला लावू शकते. मला ते रास्त वाटते. फुकट वापर आणि लांबलेली तारीख, हा काही व्यापार नव्हे.

मामांच्या या मुद्द्यास मी मान दिला पाहिजे. परवाना टाळणारा नेहमीच दुबळा असतो, ही आपल्याकडची एक सोयीस्कर समजूत आहे. वर्षाला कोट्यवधी फोन विकणारी कंपनी आणि भोसरीतील कारखाना यांना एकाच करुणेच्या पदराखाली घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच न्यायाने या पायऱ्या ज्यांच्यासाठी घातल्या, ते दोन्ही पक्ष पायऱ्या चढण्यास समर्थ होते, हेही विसरून चालणार नाही. भाच्याची हकीकत याला धरून आहे. एका परदेशी कंपनीकडून त्याला एक पत्र आले. सोबत पेटंटांच्या क्रमांकांची लांबलचक यादी. आणि दर विचारला तेव्हा उत्तर आले की, प्रथम गुप्ततेच्या करारावर सही करा, मग दर सांगू.

भाचा : मामा, माझ्या पेटीत मोबाईलचे जे काही आहे, ते एका मॉड्यूलमध्ये आहे. टपाल तिकिटापेक्षा थोडे मोठे, वर पत्र्याचे झाकण. ते मी पक्के बिल घेऊन विकत घेतो, बोर्डावर सोल्डर करतो, सिम घालतो. आतमध्ये काय चालते ते मला माहीत नाही आणि उघडून बघायची माझी ऐपतही नाही. पेटंट मोडले असेल, तर मॉड्यूलवाल्याने किंवा त्याला चिप विकणाऱ्याने मोडले असेल. त्यांना परवाना द्या ना! ते किमतीत लावतील, मी भरीन.

मामा : तिथेच तर मेख आहे. एकदा चिपवाल्याला परवाना दिला की पुढे ती चिप कुठेही जावो, मालकाचा हक्क तिथे संपतो. म्हणून मालक साखळीच्या शेवटच्या कडीला, म्हणजे तुला, धरतो. कारण किंमत तिथे सर्वांत जास्त असते.

भाचा : पण वचन तर मागेल त्याला देण्याचे आहे. डाइमलर या मोटार कंपनीने जर्मनीत नेमके हेच विचारले की, माझ्या गाडीत सुटा भाग पुरवणारे परवाना मागताहेत, त्यांना नोकिया का देत नाही? ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने 2020 च्या नोव्हेंबरात तो प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला.

मामा : आणि जून 2021 मध्ये दोघांनी तडजोड केली, प्रश्न तसाच राहिला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर येण्याच्या आत पैसे मोजून तो मिटवणे परवडते, म्हणून तो मिटतो. इतरांना ते उत्तर हवे होते, हा हिशेब कोणाच्याच खात्यात धरला जात नाही.

हे वाक्य मामांच्या तोंडून आले, याचे मला नवल वाटले. कारण हयातभर त्यांनी तडजोडींचे मसुदेच लिहिले.

इलाख्याच्या, म्हणजे कोणत्या देशाच्या न्यायालयाचा शब्द चालावा या, प्रश्नावर दोघांचा फारसा मतभेद नव्हता, म्हणून तो येथे थोडक्यात सांगतो. 2020 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, हुआवेने साऱ्या जगापुरता परवाना लंडनच्या न्यायालयाने ठरवलेल्या दराने घ्यावा, नाहीतर ब्रिटनमधील विक्री थांबवावी. पुढच्याच महिन्यात चीनमधील वुहानच्या न्यायालयाने इंटरडिजिटल कंपनीस हुकूम केला की, शाओमीविरुद्ध दिल्लीत चालवलेला दावा स्थगित ठेवावा. आणि ऑक्टोबरात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या हुकुमाची अंमलबजावणी करण्यास शाओमीला मनाई केली. एका न्यायालयाने दुसऱ्यास आवरावे आणि दुसऱ्याने त्या आवरण्यालाच आवर घालावा, अशी ही अवस्था. आपल्याकडे स्पर्धा आयोगाचा मार्गही जुलै 2023 मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने बंद केला : पेटंट कायद्यात परवान्यांच्या दुरुपयोगाची तरतूद स्वयंपूर्ण आहे, सबब आयोगाने त्यात पडू नये. ती तरतूद म्हणजे सक्तीचा परवाना. 2012 च्या मार्चमध्ये मुंबईहून पेटंट नियंत्रकांनी कर्करोगाच्या एका औषधाबाबत तो दिला. महिन्याचा दोन लाख ऐंशी हजारांचा खर्च आठ हजार आठशेवर आला, आणि मूळ कंपनीस सहा टक्के स्वामित्वधन ठरले. तेथे दर जाहीर हुकुमात लिहिलेला होता, कोणासही वाचता येईल असा. दूरसंचाराच्या पेटंटांबाबत तसा परवाना अद्याप कोणास मिळालेला नाही.

यावरून संभाषण, माझ्या मते, प्रथमच आपल्या मूळ जागी आले.

भाचा : मला दर कमी करून नकोच आहे, मामा. भेदभावरहित म्हणजे दुसऱ्याला दिला तसा, बरोबर? मग दुसऱ्याला काय दिला, ते मला दिसले तर पाहिजे! न दिसणाऱ्या समानतेची खातरजमा मी कशी करू?

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जे सांगितले, ते त्यांनी पूर्वी मला कधी सांगितले नव्हते.

मामा : मी एका फोन कंपनीचा वकील होतो. समोरच्या पक्षाने इतरांशी केलेले करार न्यायालयात रुजू केले, पण गुप्तता मंडळात. म्हणजे नेमलेले वकील आणि तज्ज्ञ यांनीच ते पाहायचे, अशिलाने नाही. बंद पाकीट, कचेरीतल्या टेबलावर उघडायचे, टिपण बाहेर न्यायचे नाही. मी ते आकडे पाहिले. अशील संध्याकाळी फोनवर विचारतो, 'साहेब, तडजोड करू का लढू?' मला उत्तर माहीत होते, आणि देता येत नव्हते. मी म्हटले, 'तुमच्या मनास येईल तसे करा.' तीस वर्षांत असा सल्ला मी दुसऱ्या कोणाला दिला नसेल.

याच ठिकाणी मी माझ्या श्रोतेपणाची मर्यादा ओलांडली आणि पेटंट कायद्याचे 69 वे कलम काढून दोघांपुढे ठेवले. 1970 च्या या कायद्यात, परवाना लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंद नियंत्रकांच्या दप्तरी झाली पाहिजे, अशी तरतूद पहिल्यापासून आहे. दस्तऐवजाची प्रत त्यांच्याकडे द्यावी लागते. मात्र त्याच कलमास एक परंतुक जोडलेले आहे की, पेटंटधारकाने किंवा परवानाधारकाने विनंती केल्यास परवान्याच्या अटी, न्यायालयाच्या हुकुमावाचून, अन्य कोणास उघड होणार नाहीत अशी व्यवस्था नियंत्रकांनी करावी. सामान्य पेटंटाबाबत हे झाकण मला समजते. तेथे मालकाने जगास कसलेही वचन दिलेले नाही, आणि दोन व्यापाऱ्यांचा सौदा त्यांच्यापुरता राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु जो मालक स्वतःहून मानकसंस्थेत गेला, तेथे आपली युक्ती सर्वांच्या गळी उतरवून बदल्यात समान वागणुकीचे वचन देऊन आला, त्याने पुढे प्रत्येक करार कुलपात ठेवावा, याची संगती लागत नाही. गुप्त राखलेला दर वाजवी असू शकेल. तो भेदभावरहित आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण ते तपासण्यास कोणीच मोकळा नसतो. सबब मानकासाठी जाहीर केलेल्या पेटंटांपुरते ते परंतुक काढून टाकावे, असे माझे मत आहे.

मामा : तुम्ही दोघे समजता तेवढे ते सोपे नाही. करार असे एका ओळीचे नसतात. एक कंपनी रोख देते, दुसरी आपली पेटंटे देते, तिसरी जुने भांडण मिटवून दहा वर्षांची एकच ठोक रक्कम देते. त्यातून एका फोनामागचा दर काढायचा म्हणजे कल्पनेचा खेळ. शिवाय एकदा दर जाहीर झाला की त्याच्या खाली कोणी उतरणार नाही. आज लहान माणसाला जी गुपचूप सवलत मिळते, ती बंद होईल.

भाचा : मला आजपर्यंत मिळालेली नाही. आणि ठोक रक्कम असली तर ठोक रक्कम लिहा. फोन किती विकले ते ताळेबंदात असतेच. भागाकार आमचा हिशेबनीससुद्धा करतो. न्यायालयात तज्ज्ञ दोन्ही बाजूंनी तोच तर करतात, फक्त दार लावून.

मामा : चालू करार उघडा केला, तर पुढची बोलणी बिघडतात.

भाचा : मग मुदत घाला.

मामा : पाच वर्षे. करार झाल्यापासून पाच वर्षांनी उघडा.

भाचा : पाच वर्षांत माझे मॉड्यूल बाजारातून जाते, मामा! तिसऱ्या पिढीचे टॉवर बंद व्हायला लागले. एक वर्ष.

मामा : एक वर्षाला कोणतीही कंपनी तयार होणार नाही. ती सरळ परवाना परदेशात लिहील आणि येथे नोंदच करणार नाही.

भाचा : नोंद नसेल, तर तो करार इथल्या न्यायालयात पुराव्याला येऊ नये, असे त्याच कलमात पुढे आहे ना?

मामांनी चष्मा लावून ते पोटकलम पुन्हा वाचले, आणि न्यायालयाने लेखी कारणे देऊन तसा कागद दाखल करून घेण्याची मुभा त्यात कशी आहे, ते बोट ठेवून दाखवले. भाच्याने ती मुभाही काढून टाकण्याची सूचना केली. शेवटी मामा तीन वर्षांवर आले आणि भाचा दीड वर्षावर. ही सूचना सरकारी खात्याकडे पाठवावयाची आणि निवेदनाचा मसुदा मामांनीच लिहावयाचा असे ठरले असून, त्यातील मुदतीची जागा तूर्त कोरी आहे.